दोन बोटं माया

जळोचीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. दोन मशिनी, एक लांब टेबल, भिंतीला आरसा आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. बावीस वर्षं मी इथं ब्लाउज, पंजाबी ड्रेस आणि शाळेचे गणवेश शिवते आहे. माझं तोंड तिखट आहे, असं गिऱ्हाइकं मला समोरासमोर सांगतात. लग्न परवा आणि कापड आज घेऊन येणाऱ्या बायकांना मी उंबऱ्यातूनच वाटेला लावते. त्या संध्याकाळी पुन्हा येतात आणि मी त्यांचं कापड ठेवून घेते, हेही खरं.

तीन-चार वर्षांपूर्वी एका दुपारी इंदापूरकडचे एक शेतकरी आपल्या मुलीला मोटारसायकलवर मागं बसवून दुकानात आले. पेरू आणि डाळिंबाची बाग असलेला, कमी बोलणारा माणूस. मुलगी अकरावी-बारावीची असेल. तिनं पिशवीतून एक जाकीट काढून टेबलावर ठेवलं, तर ते आडवं पडेना. आत कुणी बसल्यासारखं ते ताठ उभं राहिलं. जाड कॅनव्हास, कोपरांना आणि खांद्याला रबर, कडेला चामडं. असलं कापड मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"ताई, ह्याची दोन बटणं निघाल्यात. तेवढी लावून द्या," वडील म्हणाले.

"हे कशाचं?"

"नेमबाजीचं. हे घालून रायफल धरत्यात."

"नेम कुणावर धरायचा?"

"कागदावर," मुलगी म्हणाली आणि हसली.

बारामतीत एका जुन्या गोदामात नेमबाजीची रेंज आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मुलगी इंदापूरहून एसटीनं येऊन तिथं सराव करायची. दहा मीटरवर लक्ष्य असतं आणि त्याच्या मधोमधचा ठिपका म्हणजे पुस्तकातला पूर्णविराम. त्यावर साठ वेळा नेम साधायचा, उभं राहून, जड रायफल हातात धरून. मी म्हटलं, जत्रेत फुगे फोडतात तसंच की. ती म्हणाली, "व्हय काकू, फकस्त फुगा लई बारीक हाय." मला मुलगी आवडली. बटणं लावून दिली आणि सुई मोडल्याबद्दल दोघांनाही बोलून घेतलं.

मग ती येत राहिली. जाकीट नवं नव्हतं. खेळ सोडलेल्या एका थोरल्या मुलीचं तिला मिळालं होतं आणि त्याचं रोज काहीतरी निघायचं. कधी खिसा फाटायचा, कधी कडेचं चामडं सुटायचं. नवं जाकीट परदेशात मापावर शिवून घ्यावं लागतं आणि त्याला महिने लागतात, असं ती सांगायची. त्यामुळे हेच जपायचं. दुरुस्ती होईपर्यंत ती स्टुलावर बसून मला तिच्या खेळातल्या गमती सांगायची. त्या जाकिटाचे इतके नियम की शाळेच्या गणवेशालाही नसतील. ते फार जाड नको, फार ताठ नको, फार घट्ट नको. ताठ जाकीट पाठीला आधार देतं, मग नेम माणसाचा की कापडाचा, असा प्रश्न येतो. म्हणून मोठ्या स्पर्धेत ते यंत्रात धरून मोजतात. अडीच मिलिमीटरच्या वर जाडी गेली की संपलं. मी म्हटलं, आमच्याकडं बायका ब्लाउजचा गळा मोजायला असं यंत्र आणतील तर माझं दुकान बंद पडेल.

गेल्या वर्षी तिची निवड झाली. पुष्कळ देशांची, पुष्कळ खेळांची मोठी स्पर्धा, तीही परदेशात. पळणारे, पोहणारे, कुस्तीवाले आणि ही. आमच्या भागात कुस्ती म्हटलं की लोक पुढं सरकून बसतात, नेमबाजी म्हटलं की विचारतात, पोलिसात लागली का. तरी तिच्या गावात पेढे वाटले गेले, आणि एक पुडा वडलांनी मला आणून दिला.

आणि तिला डेंगी झाला.

बरी होऊन ती दुकानात आली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलं नाही. गालांची हाडं वर आलेली, मनगटं बोटात मावतील एवढी. जाकीट घातलं तर ते तिच्या अंगाभोवती लोंबत होतं. निघायला दहा दिवस राहिले होते. दोन्ही बाजूंनी ते आत घ्यायला हवं होतं, आणि ते माझ्याशिवाय कोण करणार?

"काकू, आत घ्या. आन शिवणीच्या आतलं जादाचं कापड कापून टाका. सरांनी ध्यान करून सांगायला लावलंय," ती म्हणाली. सर म्हणजे तिचे रेंजवरचे प्रशिक्षक.

मी हो म्हटलं. आणि कापलं नाही.

ही गोष्ट मला नीट सांगायला हवी. कपडा आत घेताना शिवणीच्या आत जे जादा कापड आम्ही राखून ठेवतो त्याला माया म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण शिवण शिकताना कात्री हातात येण्याआधी हा शब्द कानावर येतो. आज आवळलेलं उद्या सैल करता यावं म्हणून माया ठेवायची. पोरी वाढतात, बाळंतिणींचं अंग सुटतं, आजारी माणसं बरी होतात. माया कापून टाकली तर तो कपडा पुन्हा कधी मोठा होत नाही. बावीस वर्षांत मी कुणाच्या कपड्याची माया कापलेली नव्हती. आणि ही तर डेंगीतून उठलेली पोर. दोन महिन्यांत अंग भरेल, मग ह्याच जाकिटाला उसवून पुन्हा पहिल्यासारखं करून देईन, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तिला विचारलं नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया ठेवली, ती दाबून सपाट केली आणि अस्तराखाली टाचली. अंगाला टोचू नये म्हणून टाचली होती, लपवायला नव्हे. पण त्यामुळे ती कुणाला दिसली नाही. सरांनी त्यांच्याकडच्या जाडी मोजायच्या यंत्रावर पाठ आणि बाह्या मोजल्या आणि बगलेखालची शिवण मोजायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

जाकीट घालून तिनं आरशासमोर रायफल धरल्यासारखे हात केले आणि म्हणाली, "काकू, झक्कास." मी खूश झाले. माझ्या कामाचं कौतुक मला फार लवकर चढतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी एका गणवेशाच्या चुण्या घालत होते आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. तिचा चेहरा दिसला आणि मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"काकू, जाकीट फेल केलं त्यांनी."

"कशात?"

"जाडीत. दोनी बाजूला. शिवणीत." आणि मग अगदी हळू, "तुमी आतलं कापलं न्हवतं?"

खोटं बोलायला वाव नव्हता, कारण तिनं अस्तर उचलून माझी माया फोनसमोर धरली होती. मी ओरडायला लागले. माझं हे असंच होतं, चूक माझी असली की माझा आवाज चढतो. सरांनी नीट का पाहिलं नाही, तुला कळत नव्हतं का, त्या लोकांना डोळे आहेत का. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काकू, ओरडू नका. माझं हात कापायला लागल्यात, आन उद्या मला ह्याच हातांनी मारायचंय."

इतकी शरम मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे.

तपासणी आणखी दीड तास चालू राहणार होती. तेवढ्या वेळात दुरुस्त करून पुन्हा दाखवता येत होतं. नाही जमलं तर जाकिटाशिवाय उभं राहायचं, आणि ते म्हणजे न उभं राहण्यासारखंच, असं ती म्हणाली. सर तिथं नव्हते, ते पिस्तुलवाल्यांबरोबर दुसऱ्या हॉलमध्ये होते. शेजारच्या टेबलावरच्या कुठल्याशा देशाच्या मुलीनं आपल्या पेटीतली कात्री तिला दिली होती. बस्स, कात्री, जाकीट आणि फोनवर मी.

मी गणवेश बाजूला सारला. याच जाकिटाच्या खिशाला लावून उरलेला कॅनव्हासचा तुकडा माझ्याकडं होता. त्याला मशीनवर तशीच शिवण मारली, तशीच माया ठेवली आणि फोन कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला. "माझ्या हाताकडं बघ. मी कापते तेवढंच तू काप." मी इथं बोटभर कापड कापायची, ती तिथं बोटभर कापायची. साधी कात्री कॅनव्हास घेत नाही, दातात धरल्यासारखं करून सोडते. तिचा अंगठा लाल झालेला मला दिसत होता. मध्येच एक बाई फॉल-पिकोची साडी घेऊन दारात आली. मी हातानंच तिला परत पाठवलं आणि ती काही न बोलता गेली, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समजावं.

शिवणीपासून ज्वारीच्या दाण्याएवढं कापड ठेवून बाकी सगळं कापलं. ती पळत गेली. दहा मिनिटांनी परत फोन. उजवी बाजू पास झाली होती. डावी अजून जाड होती, केसभर.

डावी बाजू म्हणजे जिथं तिचं कोपर येतं, कमरेचं हाड येतं, सगळा भार येतो ती बाजू. आणखी कापायचं म्हणजे दोऱ्याला लागून कापायचं. कॅनव्हासचे धागे सुटतात. कडेला कापड उरलं नाही की शिवण धरून ठेवायला काही राहत नाही. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं.

"काकू, किती कापू?"

हातानं दुहेरी टाका घाल म्हणावं, तर तिच्याजवळ फक्त राहायच्या खोलीत मिळालेला बारीक निळा दोरा आणि बोटभर सुई. त्या कापडातून ती सुई जाणार नव्हती, आणि वेळही नव्हता. एकाएकी माझ्या लक्षात आलं की आता जे होईल ते मी म्हणेन तेच होणार आहे. मी म्हटलं, "दोऱ्याला लागून काप. पण दोरा तोडू नकोस."

तिनं कापलं. जाकीट पास झालं. त्यांनी त्यावर शिक्का मारला. आता ते कुणी शिवायचं नव्हतं, उसवायचं नव्हतं. ती फोनवर हसली आणि मी इथं माझ्या हातातल्या तुकड्याची शिवण दोन्हीकडून ओढून पाहिली. तिसऱ्या ओढीला ती सुटली. हे मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील दुकानात आले. बारामतीच्या बाजारात पेरू घालून आले होते आणि त्यांच्या गावात फोनला नीट रेंज येत नाही, म्हणून इथं बसून आकडे बघायचे होते. चित्र दिसत नव्हतं, नुसते आकडे. मायेचं त्यांना काही माहीत नव्हतं. मी त्यांना चहा दिला आणि मशीनवर बसले, पण पाय चालेनात.

प्रत्येक शॉटला एक आकडा यायचा. दहा पॉइंट काही आलं की चांगलं, नऊ आलं की वाईट, एवढं मला शिकवून झालं होतं. पहिले आठ जण फायनलला जाणार. वीस शॉट झाले तेव्हा ती सातवी होती. तीस झाले, सहावी. वडील आकडा वाचायचे आणि मान हलवायचे, शेतात पाणी कुठवर आलं ते बघतात तशी. चाळिसाला ती पाचवी होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि स्टुलावर थोडे पुढं सरकून बसले.

पुढचा आकडा नऊचा आला. त्याच्या पुढचा यायला फार वेळ लागला. मी मनातल्या मनात ती शिवण बघत होते.

मग दहा आले, पुन्हा नऊ, मग तीन-चार चांगले दहा, मग पुन्हा नऊ. ती हळूहळू खाली येत गेली. शेवटी बाराव्या नंबरवर थांबली.

वडलांनी फोन बंद करून खिशात घातला. "गेली, खेळली. आजारातनं उठून गेलती," ते म्हणाले आणि चहाचा कप मोरीत ठेवायला स्वतः उठले. मी नको म्हटलं तरी त्यांनी तो धुऊन ठेवला. त्यांना सांगावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं.

तिचा फोन दुपारी आला. मी पहिलं तेच विचारलं. "शिवण?"

"शिवणीला काय झालंय? हाय तशी हाय. माझाच दम सुटला काकू. डेंगीनं अंगात काय ठेवलंय का?"

मला आनंद झाला. बारावी आलेली पोर फोनवर होती, तिचा आवाज रडून बसलेला होता, आणि मला आतून मोकळं मोकळं वाटत होतं, कारण चूक माझी नव्हती. हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते असंच. त्या संध्याकाळी मी घरात दोन महिन्यांनी पुरणपोळी केली. नवऱ्यानं विचारलं, पोरगी जिंकली का? मी म्हटलं, नाही, पण आजारपणातून उठून बारावी आली, थोडं आहे का?

दोन महिने गेले. ती आली तेव्हा तिचं अंग भरलेलं होतं, गालांची हाडं दिसेनाशी झाली होती. जाकीट पिशवीतून काढून तिनं टेबलावर ठेवलं. आता ते घट्ट होत होतं. मोठं करायचं तर आत काही उरलेलं नव्हतं, बाजूला नवी पट्टी जोडावी लागणार होती. मी म्हटलं, ठेवून जा. ती रेंजवर गेली.

मी अस्तर उचललं. उजव्या बाजूची शिवण माझी होती, तशीच. डाव्या बाजूला वीतभर जागेत टाके वेगळे होते. निळा, बारीक दोरा. एक टाका लांब, एक तोकडा, काही ठिकाणी एकाच भोकातून दोनदा गेलेले, आणि शेवटी पाच-सहा गाठी एकावर एक. कॅनव्हासवर दोन-तीन बारीक तपकिरी डाग होते. सुई बोटात गेली असणार.

मी अस्तर खाली सोडलं आणि पंखा लावून बसले. कापायला मीच लावलं होतं. शिवण सुटणार हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. आणि ज्या पोरीला ते भोगावं लागलं, ती परदेशातल्या खोलीत बसून, बोटं टोचून घेत, मला कळू नये म्हणून ते शिवत होती. मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आले की मी काहीतरी आपटते. मी मापाचं पुस्तक आपटलं.

संध्याकाळी ती आली. मी जाकीट उलटं करून तिच्यासमोर ठेवलं.

"कितव्या शॉटला सुटली?"

तिनं जाकिटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. या वेळी ती खोटं बोलली नाही. "एक्केचाळिसाव्या."

"मग?"

"मग काय? एकोणीस ऱ्हायलं हुतं. मारलं."

"थांबून कुणाला सांगायचं नाही का?"

"सांगून काय? तितं शिवायला कोण हुतं? कमरंचा आधार सुटला की मी श्वास धरायची, पुन्यांदा जागा घ्यायची. कधी जमलं, कधी न्हाय."

"आणि मला का खोटं सांगितलंस?"

ती स्टुलावर बसली. पायातल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमाला सांगितलं असतं तर तुमी ह्या जाकिटाला परत हात लावला नसता, काकू. आन मला तर परत जायचंय."

ती बरोबर बोलत होती. मी हात लावला नसता. कुणाच्याच जाकिटाला लावला नसता, आणि वर हे शिवणकाम आपलं नव्हेच, असं चारचौघांत सांगत फिरले असते.

"ऊठ," मी म्हटलं. "माप घेते."

ती उठली, हात बाजूला सोडून उभी राहिली. मी टेप तिच्या कमरेभोवती नेली आणि पुढं आणून दोन्ही टोकं जुळवली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे आकडा मला दिसेना. मी टेप तशीच धरून ठेवली. तिनं मान खाली केली, आकडा वाचला आणि मला सांगितला.